संगणकविद्येचा उंबरठा

घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी माहिती-तंत्रज्ञानाचा वर्षाभराचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम पुरा करून त्याच्या बळावर उच्च शिक्षणाच्या दारांत पाऊल टाकण्याची उमेद बाळगूं लागली, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींच्या मुद्रेवर बहुधा किंचित् साशंकता उमटते. पदवी हा राजमार्ग आणि प्रमाणपत्र ही आडवाट, अशी एक समजूत सुशिक्षित कुटुंबांत दृढ झालेली आहे. जुन्या, प्रस्थापित विद्यांच्या बाबतींत ती कदाचित् खरीहि असेल. परंतु संगणकविद्येची वंशावळ तपासून पाहिली, तर तेथें नेमकें उलट चित्र दिसतें. ह्या विद्येंत आधीं जन्मली ती कांहीं आठवड्यांची शाळा. पदविका तिच्यामागून आली आणि पदवी तर त्याहूनहि मागाहून. ज्यांनीं ही विद्या उभारली, त्यांतील कित्येक थोर पुरुष अशा लहानशा दारांतूनच आंत आलेले होते. तें दार कसें उघडलें, आणि तेथून आंत गेलेल्यांचें पुढें काय झालें, ही हकीकत म्हणूनच लक्षांत घेण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं, पेनसिल्व्हेनिया विश्वविद्यालयाच्या मूर स्कूल ह्या विद्युत्-अभियांत्रिकीच्या विद्यालयांत, तोफगोळ्यांच्या मार्गाचीं कोष्टकें तयार करण्याचें काम चालत असे. हें काम प्रामुख्यानें गणित शिकलेल्या तरुण स्त्रिया करीत. त्या काळीं ‘कंप्यूटर’ हा शब्द यंत्राला नव्हे, तर हिशेब करणाऱ्या ह्या माणसांना लावीत असत. गोळ्याच्या एकेका मार्गाचें गणित हातानें पुरें करावयास तीस-चाळीस तास लागत. हा वेळ वांचावा म्हणून जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट ह्यांनीं सुमारें १८,००० निर्वात नलिकांचें एक प्रचंड गणकयंत्र उभारण्यास घेतलें. हेंच तें एनिॲक. त्याच्यावर गणितें मांडण्यासाठीं १९४५ सालीं सहा जणी निवडण्यांत आल्या: के मॅक्नल्टी, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिच्टरमन. त्यांना ॲबर्डीन येथील लष्करी केंद्रावर पाठवून भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर चालणाऱ्या हिशेबयंत्रांचें थोडक्या काळाचें शिक्षण देण्यांत आलें. खुद्द एनिॲकविषयीं मात्र शिकविणारा कोणी नव्हता, कारण तसें यंत्र पूर्वीं कोठें झालेंच नव्हतें. यंत्राचे आराखडे पुढ्यांत घेऊन, ते रचणाऱ्या अभियंत्यांना प्रश्न विचारीत विचारीत, त्या सहाही जणी आपल्या आपणच शिकल्या. फेब्रुवारी १९४६ मध्यें यंत्र जगासमोर आलें. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या ह्या स्त्रियांचीं नांवें लोकांच्या कानीं पडावयास पुढें कित्येक दशकें जावीं लागलीं.

त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत मूर स्कूलनें एक अपूर्व वर्ग भरविला. ८ जुलै ते ३१ ऑगस्ट १९४६, असे उणेपुरे आठ आठवडे तो चालला. विषय होता विद्युत्-अंकयंत्रांच्या रचनेची उपपत्ति आणि तंत्र. अमेरिकेंतील व इंग्लंडांतील संस्थांतून निवडक अठ्ठावीस जणांस निमंत्रणें गेलीं होतीं. शिकविणाऱ्यांत एकर्ट व मॉक्ली होते. हर्मन गोल्डस्टाइन, आर्थर बर्क्स होते. आणि जॉन फॉन नॉयमन ह्यांच्यासारखा महान् गणितज्ञहि होता. एकर्ट व मॉक्ली ह्यांनीं शोधाच्या मालकीहक्काच्या वादावरून त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत विद्यालय सोडलेलें होतें. तरीहि वर्गासाठीं ते परत आले आणि बरीचशी व्याख्यानें त्यांनींच दिलीं. ह्या वर्गाअखेर कोणाला पदवी मिळाली नाहीं. मिळणार तरी कशी? ह्या विषयाचा विभागच जगांत कोणत्याहि विश्वविद्यालयांत नव्हता. हा वर्ग पुन्हा कधीं भरला नाहीं, आणि तरीहि पुढील दहा वर्षांतील गणकयंत्रांच्या इतिहासावर त्याचा ठसा उमटलेला आहे.

ह्या अठ्ठावीस जणांत एक विद्यार्थी फार उशिरां पोहोंचला. केंब्रिज विश्वविद्यालयाच्या गणितीय प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स हे ते गृहस्थ. त्या वर्षाच्या मे महिन्यांत त्यांच्या हातीं फॉन नॉयमन ह्यांनीं लिहिलेला एक अहवाल आला होता. गणितांतील संख्या आणि यंत्राला द्यावयाच्या आज्ञा ह्या दोहोंना यंत्राच्या स्मृतींत एकत्रच सांठवावें, ही आजच्या सर्व संगणकांच्या मुळाशीं असलेली कल्पना त्या अहवालांत मांडलेली होती. अहवाल उसना होता आणि तो एकाच रात्रीपुरता त्यांच्यापाशीं राहणार होता. नक्कल काढण्याचें साधन नव्हतें. म्हणून रात्र जागून त्यांनीं तो वाचून काढला. पुढें मूर स्कूलचें निमंत्रण आलें, पण युद्धोत्तर काळांत जहाजावर जागा मिळण्याची पंचाईत होती. वर्ग सुरू होऊन सहा आठवडे लोटल्यावर ते फिलाडेल्फियास येऊन दाखल झाले. त्यांच्या वांट्याला अखेरचा एक पंधरवडा तेवढा आला.

पंधरवड्यांत माणूस किती शिकणार, असें सहज मनांत येतें. परंतु ह्या माणसाचें मन आधींच त्या विषयानें भारलेलें होतें. इंग्लंडला परततांना क्वीन मेरी जहाजावरच त्यांनीं आपल्या नव्या यंत्राचे आराखडे काढावयास आरंभ केला. ६ मे १९४९ रोजीं केंब्रिज येथें तें यंत्र चालूं झालें आणि शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांच्या वर्गांचें कोष्टक त्यानें पहिल्याच दिवशीं छापून दिलें. एडसॅक ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. अहवालांतील कल्पना एडसॅकनें रोजच्या वापरांत आणली आणि विश्वविद्यालयांतील इतर शाखांच्या संशोधकांनाहि तें यंत्र खुलें झालें.

तथापि विल्क्स ह्यांची खरी थोरवी यंत्र बांधण्यापुरतीच नव्हती. यंत्र उभें राहिलें, पण त्याला आज्ञा देणारीं माणसें कोठून आणावयाचीं, हा प्रश्न त्यांना लागलीच पडला. त्या काळीं आज्ञावली लिहिणें म्हणजे फार किचकट काम. एकेक आज्ञा कागदी फितीवर भोंकें पाडून यंत्राला पुरवावी लागे. एक भोंक चुकलें कीं सारें गणित फुकट. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्या तिघांनीं त्यावर एक तोड काढली. वर्गमूळ काढणें, उत्तर छापणें, असलीं वारंवार लागणारीं कामें एकदांच नीट लिहून, तपासून, त्यांच्या फितींचा संग्रह करून ठेवावा. नवशिक्यानें त्या संग्रहांतून हवी ती फीत उचलावी, तिची नक्कल आपल्या फितींत जोडावी आणि आपल्या प्रश्नाचा जो खास भाग असेल तेवढाच स्वतः लिहावा. ज्याप्रमाणें सुतारकाम शिकणाऱ्या मुलाला आधीं लोखंड वितळवून पटाशी घडवावी लागत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. १९५१ सालीं ह्या तिघांनीं ही पद्धति ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. आज्ञावली-लेखनावरील जगांतील पहिला ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो.

ह्या सोयीमुळेंच थोडक्या दिवसांचें शिक्षण शक्य झालें. १९५० च्या सप्टेंबरांत केंब्रिजनें आज्ञावली-लेखनाची पहिली उन्हाळी शाळा भरविली. दुसऱ्या वर्षीं ती पुन्हा भरली, तेव्हां हॉलंडांतून एक एकवीस वर्षांचा तरुण तेथें आला. एड्सखर डिक्स्ट्रा हें त्याचें नांव. लायडन येथें तो सैद्धांतिक पदार्थविज्ञान शिकत होता. ह्या तीन आठवड्यांच्या शाळेची जाहिरात त्याच्या वडिलांच्या दृष्टीस पडली आणि म्हणून तो केंब्रिजला गेला. यंत्राचा उपयोग आपल्या पदार्थविज्ञानालाच होईल, एवढीच त्याची अपेक्षा होती. पण त्या तीन आठवड्यांनीं त्याचें आयुष्य निराळ्या वळणावर नेलें. १९५२ च्या मार्च महिन्यांत ॲम्स्टरडॅमच्या गणित-केंद्रांत त्याला आज्ञावली लिहिण्याची अर्धवेळ नोकरी मिळाली.

येथें मात्र त्याच्यापुढें एक पेंच उभा राहिला, आणि तो आजच्या विद्यार्थ्यांनाहि परका वाटणार नाहीं. नवें काम मनापासून आवडत होतें. पण हा कांहीं धंदा म्हणावा का, ह्याविषयीं त्याचें स्वतःचेंच मन साशंक होतें. पदार्थविज्ञान म्हटलें कीं लोक मान डोलावीत. आज्ञावली लिहितों म्हटलें तर कोणाला अर्थबोधहि होत नसे. दोन दगडांवर पाय ठेवून तीन वर्षें काढल्यावर १९५५ सालीं त्यानें गणित-केंद्रांतील आपले वडील सहकारी फान वाइनगार्डन ह्यांच्यापाशीं मन मोकळें केलें. ह्या कामाला शास्त्र म्हणावें असें आज कांहीं नाहीं, हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. पण यंत्रें आतां जात नाहींत. तेव्हां ह्या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकीं तूंच कां एक होऊं नयेस, असा उलट प्रश्नहि त्यांनीं त्याला केला. डिक्स्ट्राचा निश्चय तेथें झाला. त्यानें पदार्थविज्ञानाची पदवी पुरी केली खरी, परंतु आयुष्य वाहिलें तें ह्या नव्या विद्येला. १९५७ सालीं त्याचें लग्न झालें, तेव्हां कागदोपत्रीं व्यवसाय म्हणून ‘आज्ञावलीकार’ असें त्यानें सांगितलें. असा व्यवसायच अस्तित्वांत नाहीं म्हणून ॲम्स्टरडॅमच्या नगर-कचेरीनें तें नाकारलें. शेवटीं ‘सैद्धांतिक पदार्थविज्ञ’ अशी नोंद करावी लागली. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्याची रीत १९५९ सालीं प्रसिद्ध झाली आणि आज ती ह्या शास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. १९७२ सालीं संगणकशास्त्रांतील सर्वोच्च मानलें जाणारें ट्यूरिंग पारितोषिक त्याला मिळालें. तीन आठवड्यांच्या शाळेंतून आलेला हा विद्यार्थी असा त्या विद्येच्या आचार्यांत जाऊन बसला.

इकडे केंब्रिजमध्यें उन्हाळी शाळांच्या अनुभवावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. थोडक्या दिवसांत गोडी लागते आणि हात बसतो, परंतु पाया खणला जात नाहीं. म्हणून १९५३ च्या ऑक्टोबरांत तेथें संख्यात्मक विश्लेषण व स्वयंचलित संगणन ह्या विषयाची एक वर्षाची पदविका सुरू झाली. संगणनाचा जगांतील पहिला नियमित विश्वविद्यालयीन अभ्यासक्रम तो हाच. दुसऱ्या विषयांचे पदवीधर ह्या पदविकेसाठीं येत आणि वर्षअखेर संगणनाच्या नव्या क्षेत्रांत पाऊल टाकीत. ही पदविका नांव बदलून पुढें चालत राहिली आणि २००८ सालीं, पंचावन्न वर्षांच्या आयुष्यानंतर, ती बंद झाली. अमेरिकेंत संगणकशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विश्वविद्यालयांत निघाला, तो १९६२ सालीं. म्हणजे मूर स्कूलच्या वर्गानंतर सोळा वर्षें, आणि केंब्रिजच्या पदविकेनंतर नऊ वर्षें! उंबरठा आधीं घातला गेला. घर त्याच्यामागें सावकाश बांधलें गेलें.

हिंदुस्थानांतहि ह्याच क्रमाची पुनरावृत्ति झाली. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत पहिलें अंकगणकयंत्र १९५६ च्या सुमारास चालूं झालें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं येथल्याच लोकांनीं घडविलेलें टिफ्रॅक हें यंत्र १९६० सालीं कामाला लागलें. ह्या मंडळींपैकीं कोणाजवळहि भारतीय विश्वविद्यालयाची संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण तशी पदवीच नव्हती. शिक्षणाच्या दृष्टीनें महत्त्वाचें पाऊल पडलें तें कानपूरला. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेस नऊ अमेरिकन शिक्षणसंस्थांचें साहाय्य लाभलें होतें. त्या योजनेंतून १९६३ च्या ऑगस्टांत तेथें आय. बी. एम. १६२० हें यंत्र आलें. विद्युत्-अभियंता म्हणून शिकलेले व्ही. राजारामन् त्याच वर्षीं संस्थेंत रुजू झाले. ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना, शास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना बोलावून कानपूरनें आज्ञावली-लेखनाचे थोडक्या दिवसांचे सखोल वर्ग सुरू केले.

इतक्या अल्प अवधींत शिकविणें कानपूरला साधलें, त्याचें कारणहि केंब्रिजच्या फितींच्या संग्रहाशीं नातें सांगणारें आहे. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्याचे सहकारी ह्यांनीं फोरट्रान ही भाषा तयार केली होती. ह्या भाषेंत बीजगणिताच्या सूत्रासारखें सूत्र लिहावें. त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर यंत्र स्वतःच करून घेतें. त्यामुळें यंत्राच्या अंतरंगाची खडान् खडा माहिती नसलेल्या अभियंत्यालाहि आपलें गणित मांडतां येऊं लागलें. राजारामन् ह्यांचें आज्ञावली-लेखनाच्या तत्त्वांवरील पुस्तक १९६९ सालीं स्वस्त किंमतींत निघालें आणि देशभरच्या विद्यार्थ्यांचें तें पहिलें पाठ्यपुस्तक बनलें. त्यानंतर, १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत, इतर शाखांच्या पदवीधरांसाठीं एम. सी. ए. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी निघाली. तिच्या आंखणींतहि राजारामन् ह्यांचाच पुढाकार होता. केंब्रिजच्या पदविकेची ही जणूं धाकटी बहीणच होय.

परंतु ह्याच सुमारास ह्या इतिहासाची दुसरी बाजूहि दिसूं लागली. १९८४ सालीं सरकारचें संगणकविषयक धोरण सैल झालें, यंत्रें स्वस्त होऊं लागलीं आणि खाजगी शिकवणी-संस्थांचें शहरोशहरीं पेव फुटलें. त्यांतील कांहीं चांगल्या होत्या. कित्येकांनीं मात्र एका खोलींत दोन यंत्रें मांडून, भरमसाट शुल्क घेऊन, मनास येईल तें प्रमाणपत्र वांटलें. ह्या प्रमाणपत्रांचा दोष ते थोडक्या दिवसांत मिळत हा नव्हता. मूर स्कूलचा वर्गहि थोडक्याच दिवसांचा होता. दोष हा, कीं त्यांच्यापलीकडे कोठलीहि वाट जात नव्हती. दार होतें, पण त्यामागें भिंत. मध्यमवर्गीय बापानें पदरमोड करून मुलाला तेथें घालावें, आणि वर्षअखेर त्या कागदाला ना विश्वविद्यालयानें विचारावें ना नोकरी देणाऱ्यानें, हें दुःख त्या काळीं पुष्कळ घरांनीं अनुभवलें आहे.

ह्या दुखण्यावर एक उपाय १९९० सालीं निघाला. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिकी विभाग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद् ह्यांनीं मिळून डोएक ह्या नांवाची योजना आंखली. तिच्यांत ओ, ए, बी आणि सी अशा चार पायऱ्या ठेवल्या. ओ म्हणजे एका वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम. ए म्हणजे प्रगत पदविकेची पातळी. बी ही एम. सी. ए. च्या तोडीची आणि सी ही एम. टेक. च्या तोडीची. शिकवणी कोणत्याहि मान्यताप्राप्त संस्थेंत घ्यावी. परीक्षा मात्र देशभर एकच. घरीं अभ्यास करणाऱ्यालाहि ठराविक अटींवर परीक्षेस बसण्याची मुभा ठेवण्यांत आली. ह्या व्यवस्थेचें मर्म तिच्या अवघडपणांत किंवा सोपेपणांत नाहीं. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला शेवटची पायरी दिसते, आणि मधल्या पायऱ्या जागच्या जागीं आहेत, ह्यांत तें आहे. २०११ सालीं ह्या संस्थेचें नांव बदलून नाइलिट असें झालें.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें, तर येथें आणखी एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एम. एस. सी. आय. टी. हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोहोंचला. ज्यांनीं संगणकाला कधीं हातहि लावला नव्हता, अशा असंख्य स्त्रीपुरुषांची भीति त्यानें मोडली. हें कार्य मोठेंच. पण तें साक्षरतेचें कार्य आहे. अक्षरओळख झाली म्हणजे व्याकरण आलें असें नव्हे. आणि व्याकरणाच्या वर्गांत बसावयाचें असेल, तर अक्षरओळखीनंतर पुढचें पुस्तक उघडावें लागतें. साक्षरतेचें प्रमाणपत्र आणि प्रवेशाचें प्रमाणपत्र ह्यांतील हा फरक पुष्कळ पालकांच्या नजरेआड होतो आणि मग निराशेचें खापर मुलाच्या बुद्धीवर फुटतें.

ह्या साऱ्या इतिहासावरून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली ही, कीं थोडक्या दिवसांचा अभ्यासक्रम हा संगणकविद्येचा कमीपणा नसून तिची मूळ परंपरा आहे. फितींचा संग्रह, सोपी भाषा, असा एकेक शोध लागत गेला आणि ह्या विद्येचा उंबरठा अधिकाधिक ठेंगणा झाला. त्यावरून आंत येणाऱ्यानें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. दुसरी गोष्ट अशी, कीं उंबरठा ठेंगणा झाला म्हणून घर लहान झालेलें नाहीं. विल्क्स ह्यांना पंधरवडा पुरला, कारण ते परततांनाच कामाला लागले. डिक्स्ट्राला तीन आठवडे पुरले, कारण त्यांच्यापुढें त्यानें पन्नास वर्षें घातलीं. त्या दोघांपाशीं पुढची वाट होती, किंवा ती त्यांनीं स्वतःच पाडली.

तेव्हां मुलाच्या हातांत असें एखादें प्रमाणपत्र दिसल्यावर वडिलधाऱ्यांनीं तें लहान कीं मोठें हें न पाहतां, त्याच्यापुढें कोणती पायरी जोडलेली आहे हें पाहावें. ती पायरी असेल, तर त्या मुलाचा विद्येंतील प्रवेश झालेला आहे. आणि आपण आडवाटेनें आलों असें कधीं त्याच्या मनांत आलेंच, तर ज्यांच्या व्यवसायाला नगर-कचेरीच्या दप्तरांतहि जागा मिळाली नव्हती, अशा थोरांच्या वाटेनें तो चालला आहे, एवढें त्याला सांगावें.